मुत्तण्णाच्या डाव्या बाजूला

कुरुंदवाडला परतून पंधरवडा झाला. संगमावर स्नानाला गेलो की ओळखीची मंडळी प्रवास कसा झाला हे विचारीत नाहीत, "नातवाला फार लागले तर नाही ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. मी बंगळूरला कशासाठी गेलो आणि तेथे कशात गुंतलो, याची वार्ता माझ्याआधी गावात येऊन पोहोचली होती. म्हणून वाचकांच्या जिवाला घोर नको या हेतूने शेवट आरंभीच सांगतो. देवाच्या कृपेने सर्वांची हाडे जागच्या जागी आहेत. मधल्या काळात मात्र तशी खात्री कोणालाच देता येत नव्हती, आणि ती न देता येण्याला एका टप्प्यावर मीच कारण झालो होतो. ती हकीगत येथे क्रमाने मांडीत आहे.

सर्जापूर रोड

माझी कन्या वसुधा शासकीय संशोधन संस्थेत अभियंता आहे. जावई काही महिन्यांसाठी परदेशी गेले, तेव्हा तिने मला बोलावून घेतले. त्यांचे घर सर्जापूर रोडवर, बाराव्या मजल्यावर. ज्याने सारा जन्म नदीकाठी काढला त्याला बाराव्या मजल्यावरचे कार्तिकस्नान ही एक परीक्षाच असते. पाणी टँकरने येते. ते कोणत्या विहिरीचे, कोणत्या गावचे, हे आणणाऱ्यालाही सांगता येत नाही. मी बादलीत हात बुडवून नेहमीप्रमाणे सर्व नद्यांची नावे घेतली आणि मनात म्हटले, यांपैकी जी कोणी आली असेल तिला नमस्कार.

दुसऱ्या दिवशी सकाळी वसुधेने चहाचा पेला माझ्यापुढे ठेवला आणि खरे कारण सांगितले.

"बाबा, कौस्तुभ माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल. त्याला एवढंच सांगा, की हा खेळ सोड."

कौस्तुभ माझा नातू. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणी माझ्या मांडीवर मावणारा हा मुलगा आता दारातून आत येताना दार व्यापून टाकतो. त्याच्या महाविद्यालयाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ आहे, आणि शहरातल्या अशा मोजक्या संघांचा हंगाम नुकताच सुरू झाला होता. नावात फुटबॉल असले तरी पायाचा संबंध त्यात फार थोडा येतो. माणसे माणसांवर आदळतात, हे मात्र पुष्कळ वेळा घडते. त्याच्या खोलीत कपाटावर एक शिरस्त्राण ठेवलेले होते. त्याच्या तोंडावरची जाळी पाहून मला रथाच्या पिंजऱ्याची आठवण झाली.

न पाहता निषेध करणे मला पटत नाही. मी वसुधेला म्हणालो, "आधी पाहतो, मग सांगतो."

तिचा चेहरा पडला. "बाबा, तुम्ही पाहिलंत की तुम्हाला त्यातही काहीतरी चांगलं दिसेल. मला माहीत आहे तुमचा स्वभाव."

ती माझी मुलगी आहे. तिचे म्हणणे खरे ठरले.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही, आणि आपल्याकडे तो कोणीच पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सांगतो. दोन्ही बाजूंना अकरा अकरा गडी असतात. चेंडू नारळासारखा लांबट. ज्या संघाकडे चेंडू असेल त्याला दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधीच्या आरंभी दोन्ही संघ समोरासमोर ओणवे उभे राहतात. चेंडू असलेल्या बाजूच्या पुढच्या रांगेने पाषाणासारखे निश्चल राहावयाचे असते. मागे उभा असलेला मुख्य गडी "हट" अशी हाक देतो. कधी पहिल्या हाकेला चेंडू सुटतो, कधी दुसऱ्या, कधी तिसऱ्या; कितव्या, हे फक्त त्याच्याच संघाला आधी ठाऊक असते. हाक पुरी होण्याआधी रांगेतला कोणी हलला तर पंच पिवळा रुमाल भिरकावतो आणि संघाला पाच यार्ड मागे जावे लागते. उशिरा हलला तर समोरचा त्याला ओलांडून मुख्य गड्यावर झेपावतो.

हा मुख्य गडी म्हणजे कौस्तुभचा मित्र मुत्तण्णा. कोडगूचा, म्हणजे कूर्गकडचा, सडपातळ, सदा हसतमुख. तो उजव्या हाताने चेंडू फेकतो, त्यामुळे फेकताना त्याची डावी बाजू आणि पाठ उघडी पडते आणि तिकडून कोण येत आहे हे त्याला दिसत नाही. त्या बाजूचा रखवालदार म्हणजे आमचा कौस्तुभ.

पहिला सामना त्यांच्याच मैदानावर झाला आणि ते हरले. पिवळा रुमाल ज्यांच्यासाठी पडला, त्यांत माझ्या नातवाचेच नाव पुनःपुन्हा पुकारले गेले. तो प्रत्येक वेळी हाकेच्या आधीच उसळत होता. त्यांचे प्रशिक्षक नागराज सर हे आनेकलचे गृहस्थ. तरुणपणी कबड्डी खेळलेले, आवाज खणखणीत. त्यांनी सर्वांसमोर त्याला सांगितले, "अजून एक सामना बघतो. पुन्हा असंच केलंस तर तुला बाहेर बसवीन."

परतताना मी कौस्तुभला विचारले, "बाहेर बसलास तर तुझ्या जागी कोण उभा राहील?"

"आहे एक जण. माझ्या निम्म्या वजनाचा." तो खिडकीबाहेर पाहत राहिला. "आजोबा, मला बसवलं त्याचं मला काही नाही. पण मग डावीकडून जो येईल तो सरळ मुत्तण्णाच्या बरगड्यांत येईल. त्याला मीच या टीममध्ये आणलाय. त्याच्या आईला मी सांगितलंय, मी आहे म्हणून."

मुत्तण्णा आमच्याबरोबरच होता. मला तो ताता, म्हणजे आजोबा, म्हणे, आणि आमचे संभाषण हिंदीत चाले. "ताता, पीछे आँख नहीं है मेरे पास," तो कौस्तुभच्या खांद्यावर थाप मारीत म्हणाला. "ये ही है."

आता सांगा, ज्याने दुसऱ्याच्या आईला शब्द दिला आहे त्याला मी ऐन हंगामात "खेळ सोड" असे कसे सांगणार? मी वसुधेला म्हटले, हंगाम पुरा होऊ दे, मग बोलेन. सामन्याच्या दिवशी ती घरी देवापुढे निरांजन लावून बसे आणि फोन उपडा ठेवी.

मी आयुष्यभर पाठशाळेत संथा दिली आहे. आधी उसळणारी मुले मला नवी नाहीत. गुरूचा चरण पुरा होण्याआधीच ज्यांचा आवाज निघतो, त्यांना चरण येत नसतो असे नाही. आपण मागे पडू ही त्यांना भीती असते. अशा मुलांच्या हाताला मी काम देतो. हात गुंतला की जीभ थांबते. मी कौस्तुभला गॅलरीत बसविले आणि पेरांवर मोजण्यास शिकविले. उजवा हात खेळाच्या नियमाप्रमाणे जमिनीला टेकलेला असतो, डावा गुडघ्यावर मोकळा असतो. तिसऱ्या हाकेला चेंडू सुटणार असेल तर डावा अंगठा तर्जनीच्या मुळाशी ठेवावयाचा, दुसऱ्या हाकेला सुटणार असेल तर मधल्या पेरावर, पहिल्याला टोकाशी. पहिली हाक त्याच पेरावर धरावयाची, पुढच्या प्रत्येक हाकेला एक पेर वर. टोकाच्या पेरावर हाक पडली की उठावयाचे. जपाला आपण तर्जनी वर्ज्य मानतो, जप अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरू करतो; म्हणून खेळाची मोजणी मी मुद्दाम तर्जनीवर दिली. देवाचे देवाकडे राहावे आणि खेळाचे खेळाकडे.

मी गॅलरीतून "हट" म्हणत असे आणि माझा नातू गुडघ्यावर हात ठेवून ओणवा राही. शेजारच्या गॅलरीतल्या बाई पहिले दोन दिवस पडदा ओढून घेत. तिसऱ्या दिवशी त्यांनी चौकशी केली.

वसुधा दारात येऊन उभी राहिली. "मी तुम्हाला हे सोडवायला बोलावलं होतं, बाबा. तुम्ही तर संथा द्यायला लागलात."

आनेकल

दुसरा सामना आनेकलजवळच्या एका मैदानावर होता. शहर सोडून दक्षिणेकडे निघाले की इमारती विरळ होत जातात आणि नाचणीची शेते दिसू लागतात. मध्येच एखादा कारखाना, त्याच्या दारात पाळी संपवून बसची वाट पाहणारी माणसे, पुन्हा शेते. वारा गार होता आणि हवेत शेणाचा, ओल्या मातीचा परिचित वास होता. बंगळूरात पाऊल ठेवल्यापासून प्रथमच मी दीर्घ श्वास घेतला.

सामना सुरू झाला आणि मी माझे डोळे एकाच माणसावर ठेवले. मुत्तण्णाने हाक दिली. कौस्तुभ हलला नाही. दुसरी हाक आली, तरीही नाही. तिसऱ्या हाकेबरोबर चेंडू सुटला आणि हा उठला, तो असा की समोरचा गडी जागीच अडला. मुत्तण्णा मागे शांतपणे उभा राहून, जणू अंगणात उभा आहे, चेंडू फेकीत होता. त्या दिवशी कौस्तुभच्या नावाने एकही रुमाल पडला नाही. माझ्या छातीवरचे काहीतरी उतरले. ते तेथे होते हेही मला उतरल्यावरच कळले.

ते जिंकले. नागराज सरांनी सर्वांना आपल्या घरी नेले. माझे कन्नड सीमेवरचे, म्हणजे कृष्णाकाठी ऐकलेले. मी होकारार्थी "हौद्री" म्हटले की बंगळूरची मुले खुदकन हसत, आणि त्या दिवसापासून ती एकमेकांनाही "हौद्री" म्हणू लागली. नागराज सर मला गुरुगळे, म्हणजे गुरुजी, म्हणत.

सरांच्या आई चुलीपाशी बसल्या होत्या. मी सहसा परान्न घेत नाही. दूध आणि केळी पुरे, असे मी सांगितले. त्या माउलीने माझ्याकडे पाहिले आणि मुलाला काहीतरी विचारले. सरांनी संकोचाने सांगितले, "आई विचारते, आमच्या हातचं चालत नाही का?"

नेम मी पाळतो तो देवासाठी. त्याने एका वृद्ध स्त्रीचे मन दुखावणार असेल तर त्या दिवशी देवच मला त्या नेमातून मोकळे करील, असे मला वाटले. मी पानावर बसलो. वाफाळणारा नाचणीचा मुद्दा, म्हणजे मोठ्या लाडवाएवढा उकडीचा गोळा, आणि पालेभाजीचे पातळ सार. मी घास तोडून सारात बुडविला आणि चावू लागलो. पंगतीत हशा पिकला.

"गुरुगळे, अगीबेडी," आजीबाई म्हणाल्या. "नुंगी."

चावू नका, गिळा. चावला तर दातांना चिकटून बसतो. गिळला तर घशातून मऊपणे उतरतो. आपल्याकडे प्रत्येक घास नीट चावावा असे मुलांना सांगतात, आणि येथे एक चांगला शिजवलेला घास चावणे हा अडाणीपणा ठरतो. दुसरा घास मी गिळला. मुत्तण्णा हात धुता धुता म्हणाला, "ताता भी ट्रेनिंग में आ गये."

निघताना सर मला म्हणाले, "काय केलंत त्याला? आम्ही वर्षभर ओरडून थकलो."

मी म्हणालो, "थोडे मोजायला शिकविले." सांगताना मला समाधान वाटले, हे लपवीत नाही.

येलहंका

तिसऱ्या सामन्याचे मैदान शहराच्या उत्तरेला, येलहंक्यात. जुने गाव, रुंद झाडे, जवळच हवाई दलाचे विमानतळ. पहाटे धुके इतके होते की मैदानाच्या दुसऱ्या टोकाचे खांब दिसत नव्हते. मुले तयारीला गेली आणि मी बसण्यास जागा शोधू लागलो. एका मांडवाखाली काही पालक बसले होते. त्यांनी आदराने खुर्ची दिली, चुरमुरी पुढे केली. ही मंडळी दुसऱ्या संघाची आहेत, हे मला कळले नाही. सर्वांच्या अंगावर रंगीत सदरे होते आणि धुक्यात रंग ओळखू येत नव्हते.

तेवढ्यात चिलखतासारखे खांदे घातलेला एक दांडगा मुलगा माझ्यापुढे येऊन वाकला. माझे कोणाशी तरी चाललेले मराठी त्याने ऐकले होते. "आजोबा, तुम्ही कुठचे ओ?"

"कुरुंदवाडचा. तू?"

"मी परशराम. खानापूरच्या पुढं गाव आमचं. हितं शिकालोय." बेळगावकडचा तो गोड हेल ऐकून मला फार बरे वाटले. "घरात आज्जी हाय. तुमच्यासारखीच, रोज जप करतीय. खेळायच्या आदी तिच्या पाया पडतो मी फोनवरनंच. आज फोन लागंना. तुमच्या पडू काय?"

मी त्याच्या मस्तकावर हात ठेवून मनापासून आशीर्वाद दिला, "यशस्वी हो."

धुके उठले. परशराम कौस्तुभच्या बरोबर समोर उभा राहिलेला मी पाहिला तेव्हा मी कोणाच्या मांडवात बसलो आहे ते मला कळले.

कौस्तुभ चुकत नव्हता. हाकेआधी एकदाही हलला नाही. पण तो ज्या क्षणी उठे त्याच क्षणी, कधी केसभर आधी, परशराम उठलेला असे. हाक पहिली असो की तिसरी, त्याला जणू आधीच कळत होते. मैदानावरून लढाऊ विमान गेले आणि त्या गडगडाटात मुत्तण्णाची हाक कोणालाच नीट ऐकू आली नाही. तरीही परशराम वेळेवर उठला, कौस्तुभला ओलांडून गेला, आणि चेंडू फेकण्यास हात उचललेल्या मुत्तण्णावर डावीकडून पडला.

मुत्तण्णा उठला नाही. कौस्तुभ त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसला होता. त्याने शिरस्त्राण काढले होते.

रुग्णालय जवळच होते. तेथे बाकावर बसून मी जो जप करीत होतो त्यात मोजणी नव्हती. डॉक्टर बाहेर आल्या आणि म्हणाल्या, मोडलेले काही नाही. बरगड्यांना मार आहे, काही आठवडे विश्रांती घ्यावी, मग पाहू. वसुधा धावत आली होती. तिने डॉक्टरांचे हात हातात घेतले आणि सोडलेच नाहीत, शेवटी त्याच म्हणाल्या, "मॅडम, स्वल्प बिडी," म्हणजे जरा सोडा.

संध्याकाळ होता होता परशराम आला. दाराशी घुटमळत उभा राहिला. मुत्तण्णाला भेटला, त्याची क्षमा मागितली, मुत्तण्णाने झोपल्या झोपल्या त्याला नमस्कार केला आणि म्हणाला, "क्या मारा भाई, मेरे तीन जनम याद आ गये." मग परशराम मला बाजूला घेऊन हळू आवाजात बोलला.

"आजोबा, एक सांगू काय? तुमचा नातू मोजालाय ते मला दिसालतं. आमची आज्जी असंच मोजती, पेरावर. अंगठा मुळाला ठेवला की तिसऱ्याला उठतोय, टोकाला ठेवला की पहिल्याला. दोनदा बघितलं, कळलंच." तो जमिनीकडे पाहत होता. "खेळ हाय, मी खेळलो. पण मनाला बरं वाटंना. आज्जी हात पदराखाली झाकून मोजती. त्याला सांगा, झाकून मोज म्हणून."

जप झाकून करावा, मोजणारा हात कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे मी पाठशाळेत प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी सांगतो. गोमुखी नसेल तर उपरण्याखाली हात घ्या म्हणतो. नातवाला मोजणी दिली आणि झाकणे दिले नाही, कारण माझ्या मते तो जप नव्हता. आणि ज्याला ती खूण वाचता येईल असा एकच मुलगा त्या सर्व संघांत होता. त्याला मी आशीर्वाद देऊन पाठविले होते.

पुन्हा सर्जापूर रोड

कौस्तुभने शिरस्त्राण पिशवीत घालून पलंगाखाली ढकलले. दोन दिवस तो जेवला खरा, पण पानावर बसल्यासारखा नव्हता. मी त्याला सर्व सांगितले. हा दोष त्याचा नाही, माझा आहे, हेही.

"तुमचा कसा आजोबा? अंगठा माझा होता."

"अंगठा तुझा, विद्या माझी होती, आणि ती मी अर्धी दिली." मी त्याच्याजवळ बसलो. "उरलेली घे. जप तीन प्रकारचा असतो. ऐकू येईल असा एक. फक्त ओठ हलतील असा दुसरा. आणि जो मनातच होतो, ज्यात बोटही हलत नाही, तो तिसरा. तो श्रेष्ठ. हाताची मोजणी हा पांगुळगाडा आहे. चालता येऊ लागले की तो सोडायचा असतो."

मग पुन्हा गॅलरी, पुन्हा माझे "हट". या वेळी डावी मूठ मिटलेली. पहिल्या दिवशी तो पुन्हा आधी उसळू लागला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी तसाच बसून राहिलो. संथेत रागावून काही साधत नाही. पुन्हा म्हणावयाचे, पुन्हा म्हणावयाचे. हळूहळू त्याचे खांदे सैल पडले आणि डोळे स्थिर झाले. एका सकाळी मी मुद्दाम हाकांमध्ये फार मोठे अंतर ठेवले. तेवढ्यात खाली टँकर येऊन भोंगा वाजवू लागला, आणि मुलगा हलला नाही.

मधला एक सामना नागराज सरांनी त्याला बसविले. त्यात संघ हरला. मुत्तण्णा तेव्हा विश्रांतीवर होता, म्हणून कोणाला काही झाले नाही.

हंगामाचा शेवटचा सामना पुन्हा येलहंक्याच्याच संघाशी होता. डॉक्टरांनी मुत्तण्णाला अनुमती दिली, आणि त्याने सरांना एकच अट घातली, डावीकडे कौस्तुभ पाहिजे. सर मला भेटण्यास घरी आले. त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"गुरुगळे, एक आयडिया आहे. आता अंगठा मुद्दाम खोटा हलवू दे. तो बेळगावचा बघतच असणार. पहिल्याची खूण दाखवायची आणि तिसऱ्याला उठायचं. तो आधी उडी मारेल, दंड त्यांना. कबड्डीत आम्ही हेच करायचो, इकडे बघायचं आणि तिकडे हात मारायचा. अंगठ्याकडे पंच बघत नाहीत."

मी म्हणालो, "खेळात हुलकावणी असते, हे मला मान्य आहे. पण परशराम आपण होऊन सांगण्यास आला होता. त्याने दिलेल्या विश्वासाचा फास करून त्याच्याच गळ्यात घालणे मला जमणार नाही. खेळणारा मात्र मी नाही. कौस्तुभने ठरवावे."

कौस्तुभने डावी मूठ मिटली. "नको सर. मूठ बंदच ठेवतो."

सरांनी खांदे उडविले. "सरी, चालेल. मार खाऊ नका म्हणजे झालं."

पुन्हा येलहंका

या वेळी वसुधा बरोबर आली. मी तिला सांगितले नव्हते. ती आपण होऊन गाडीत बसली. मी या खेपेस योग्य मांडवाखाली बसलो, आणि परशराम समोरच्या बाजूने हात जोडून गेला तेव्हा त्याला "सुखरूप राहा" एवढेच म्हणालो.

सामना सुरू झाला. कौस्तुभची मूठ मिटलेली होती, आणि परशरामची नजर तिच्यावर होती. तो खूण शोधीत होता. हाक होई, चेंडू सुटे, कौस्तुभ उठे, आणि परशराम अजून त्या मुठीकडेच पाहत असे. प्रत्येक वेळी तो क्षणभर मागे पडला. ज्या विद्येने आम्हाला बुडविले तिच्याच आशेवर तो बसला होता, आणि ती आता तेथे नव्हती. विमाने दोनदा डोक्यावरून गेली. वसुधेने प्रत्येक वेळी माझा दंड पकडला. मुत्तण्णा उभाच होता.

शेवटची काही मिनिटे उरली. आमचा संघ थोड्या गुणांनी पुढे होता. चेंडू आपल्याकडे राखून वेळ काढता आला तर सामना हाती होता, पण तिसरी संधी आली आणि चार यार्ड अजून हवे होते. मुत्तण्णाला फेकावे लागणार, हे सर्वांना ठाऊक होते. परशराम ओणवा झाला. कौस्तुभ ओणवा झाला.

आणि मी पाहिले की त्याची मूठ उघडली आहे.

अंगठा हलत होता. मला इतक्या लांबून पेर दिसत नव्हते, हालचाल मात्र दिसली. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की शेवटी याने सरांचे ऐकले. पहिली हाक झाली, कोणी हलले नाही. दुसरी हाक झाली आणि परशराम उसळला. चेंडू जागेवरच होता. पिवळा रुमाल हवेत गेला. पाच यार्डांचा दंड त्यांना झाला, चार यार्डांची गरज भागली, आणि उरलेला वेळ आमच्या मुलांनी चेंडू पोटाशी धरून काढला.

सामना जिंकला. बाकीच्या निकालांमुळे हंगामात त्यांचा क्रमांक तिसराच लागला, पण नागराज सर ज्या रीतीने नाचत होते त्यावरून तो पहिला वाटावा. मी मात्र आनंदात नव्हतो. मी कौस्तुभला बाजूला घेतले. "मूठ का उघडलीस?"

तो धापा टाकीत होता. त्याला आधी कळलेच नाही. मग त्याने आपल्या हाताकडे पाहिले. "मूठ? आजोबा, मला काही आठवत नाही. मी घाबरलो होतो. मागच्या वेळचं सगळं डोळ्यांसमोर आलं. मी नाव घेत होतो फक्त. हाका मनात मोजत होतो, तुम्ही शिकवल्याप्रमाणे, तिसरीपर्यंत."

"कोणत्या बोटावर?"

त्याला सांगता आले नाही. पण परशराम आमच्याजवळच उभा होता, शिरस्त्राण काखेत धरून. तो म्हणाला, "तर्जनीवर नव्हताच ओ तो. करंगळीच्या शेजारच्या बोटावर, मधल्या पेरावर. मधलं पेर म्हणजे दुसरी हाक, असं मला वाटलं आणि घातली उडी." मग त्याच्याच लक्षात आले आणि तो कपाळाला हात लावून हसू लागला. "आज्जी तितनंच सुरू करती की जप. मला कळाय पायजे होतं."

अनामिकेचे मधले पेर. मी नातवाच्या केसांवरून हात फिरविला. ते घामाने निथळत होते. त्याने कोणाला फसविले नव्हते. माझ्या मनावर आलेले मळभ इतक्या सहज दूर झाले की मला थोडी लाज वाटली, मी क्षणभर तरी त्याच्याविषयी शंका घेतली याची.

तेवढ्यात मुत्तण्णा लंगडत नाही, कण्हत नाही, सरळ चालत आमच्याकडे आला. वसुधा पुढे झाली. तिने त्याचे दोन्ही खांदे धरले आणि शाळेत जाणाऱ्या मुलाला तपासावे तसे त्याला पाठमोरे वळविले. त्याचा पांढरा सदरा समोरून चिखलाने आणि गवताच्या हिरव्या डागांनी माखला होता. पाठीवर मात्र एक डाग नव्हता. तेथला आकडा सकाळी होता तसाच स्वच्छ होता.

तिने त्या आकड्यावरून एकदा तळहात फिरविला आणि त्याला विचारले, "जेवायला येतोस ना?"